संगणक सुरू व्हायला वेळ लागतो? आधी वेळ कुठे जातोय ते मोजा, मग उपाय करा

संगणक हळू सुरू होतो म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने गोष्टी घडतात. कुणीतरी फुकटचा 'क्लीनर' टाकतं, टेम्प फोल्डर रिकामं होतं, व्हिडिओ पाहून दोन-चार सेटिंग्ज बदलल्या जातात आणि शेवटी मशीन दुकानात जाऊन 'फॉरमॅट मारून' येतं. पंधरा दिवस बरं चालतं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंतच्या वेळेत वेगवेगळे भाग असतात. प्रत्येक भागाचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं. वेळ नेमका कुठे जातोय हे न पाहता केलेला उपाय लागला तर लागला, नाहीतर नुसती मेहनत.

खालची पद्धत विंडोज १० आणि ११ साठी आहे, लॅपटॉप आणि डेस्कटॉप दोन्हींना चालते. टप्प्यांचा क्रम बदलू नका. विशेषतः डिस्कची तपासणी टाळून पुढे जाऊ नका, कारण तिथे प्रश्न वेगाचा नसून तुमच्या डेटाचा असू शकतो.

## तयारी: हात लावण्याआधी

डेटाची प्रत. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. इथे हमखास काहीतरी राहून जातं. टॅलीचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये असेलच असं नाही. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटाचा मार्ग दिसतो, तो पाहून ते फोल्डर उचला. जुनं मराठी काम श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये असेल तर ते फॉन्टही सोबत घ्या. पुढे विंडोज नव्याने टाकावं लागलं आणि फॉन्ट नसले, तर वर्षानुवर्षांची पत्रं, सातबाऱ्याचे अर्ज, लग्नपत्रिका सगळं रोमन अक्षरांच्या खिचडीसारखं दिसतं. फाइल शाबूत असते, पण वाचता येत नाही.

बिटलॉकरची किल्ली. हा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. बिटलॉकर म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क अशी आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या मूळ प्रोग्राममध्ये) काही बदल केला की मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा गेला असं समजा, कुठलाही दुकानदार तो उघडून देऊ शकत नाही. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' शोधा. चालू असेल तर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॅपटॉप सुरू केला होता त्यात लॉगिन करून आपल्या डिव्हाइसपुढची की कागदावर लिहून काढा. मोबाइलमध्ये काढलेला फोटो चालेल, पण त्याच लॅपटॉपवर ठेवलेला नको.

वही आणि घड्याळ. प्रत्येक बदल लिहायचा, आधीची वेळ आणि नंतरची वेळ त्याच्यासमोर. एका वेळी एकच बदल. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळत नाही. बिघडलं तर कुठे परत जायचं तेही कळत नाही.

रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजच्या सेटिंग्ज मागे नेण्याची खूण. स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधा, सी ड्राइव्हचं संरक्षण चालू आहे का पाहा आणि एक पॉइंट बनवा.

> थांबा: विंडोज अपडेट अर्धवट असेल तर आधी ते पूर्ण होऊ द्या. मोठ्या अपडेटनंतरचे पहिले एक-दोन स्टार्ट नेहमीच लांबतात. त्या दिवशीच्या मोजमापावरून काहीच ठरवू नका.

## टप्पा १: वेळेचे चार तुकडे करा

आधी मशीन खरोखर बंद करायला हवं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून झोपी जातं. म्हणूनच रोज रात्री बंद होणाऱ्या मशीनच्या टास्क मॅनेजरमध्ये 'अप टाइम' बारा-पंधरा दिवसांचा दिसतो. पूर्ण बंद करायचं असेल तर शिफ्ट दाबून ठेवा आणि 'शट डाउन' निवडा.

दिवे आणि पंखा बंद झाल्यावर बटण दाबा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावून चार ठिकाणी वेळ टिपा:

१. बटण दाबल्यापासून विंडोजचं गोल फिरू लागेपर्यंत.
२. गोल फिरू लागल्यापासून पासवर्डचा पडदा येईपर्यंत.
३. पासवर्ड टाकल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत.
४. डेस्कटॉप दिसल्यापासून ब्राउझर उघडून पान दिसेपर्यंत.

हे दोन-तीनदा करा. एकदाच मोजलेली वेळ फसवी असते.

आता विंडोजने स्वतः ठेवलेली नोंद पाहा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'स्टार्टअप अ‍ॅप्स' मध्ये जा. वर उजवीकडे 'लास्ट बायोस टाइम' सेकंदांत लिहिलेला असतो, फार जुन्या मशीनवर तो दिसत नाही. हा पहिल्या तुकड्याचा आकडा.

बाकीच्या तुकड्यांसाठी 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा. डावीकडे 'अ‍ॅप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज', त्यात 'मायक्रोसॉफ्ट', त्यात 'विंडोज', त्यात 'डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्स' आणि शेवटी 'ऑपरेशनल'. इथे १०० क्रमांकाची नोंद शोधा. तिच्या 'डिटेल्स' मध्ये बऱ्याच ओळी असतात, तुम्हाला दोनच हव्यात. 'मेनपाथ बूटटाइम' म्हणजे डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ आणि 'बूटपोस्टबूटटाइम' म्हणजे डेस्कटॉप आल्यावर मशीन शांत होईपर्यंतचा वेळ. आकडे मिलिसेकंदांत असतात, हजाराने भागा. समजा पहिला आकडा २१,००० आहे आणि दुसरा ९६,०००. म्हणजे विंडोज २१ सेकंदांत वर आलं आणि पुढची ९६ सेकंदं तुमच्या प्रोग्रामांच्या गर्दीत गेली. अशा मशीनवर फॉरमॅट मारणं म्हणजे आजार एकीकडे आणि इंजेक्शन दुसरीकडे. दोन्ही आकडे प्रचंड असतील तर संशय डिस्कवर.

त्याच यादीत १०१, १०२ आणि १०३ क्रमांकाच्या नोंदी असतील तर त्याही वाचा. १०१ मध्ये वेळ खाणाऱ्या प्रोग्रामचं, १०२ मध्ये ड्रायव्हरचं (एखादा सुटा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामचं) आणि १०३ मध्ये सर्व्हिसचं (पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामचं) नाव असतं. एकच नाव सतत येत असेल तर अर्धं काम तिथेच झालं.

## टप्पा २: डिस्क आजारी आहे का?

पहिला तुकडा लांब असो वा शेवटचा, ही तपासणी सगळ्यांनी करायची.

टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' मध्ये डिस्कवर क्लिक करा. तिथे एचडीडी (फिरती हार्ड डिस्क) की एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) ते लिहिलेलं असतं. मग मशीन रीस्टार्ट करा आणि डेस्कटॉप आल्या आल्या हाच पडदा उघडून डोळ्यांसमोर ठेवा. तीन आकडे बघायचे: डिस्क किती टक्के व्यस्त, वाचण्या-लिहिण्याचा वेग किती आणि 'अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम' किती मिलिसेकंद.

डिस्क १०० टक्क्यांवर अडकली आहे, वेग मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी, असं दृश्य जुन्या हार्ड डिस्कवर नेहमीचं. सुरू होताना विंडोजला हजारो बारीक फाइली डिस्कच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून वाचाव्या लागतात. फिरत्या डिस्कची सुई दर वेळी जागा बदलते, त्यातच वेळ जातो. हा आजार नाही, त्या डिस्कची कुवतच तेवढी. रिस्पॉन्स टाइम मात्र सुरुवातीची गर्दी ओसरल्यावरही शेकडो मिलिसेकंदांवर, अधूनमधून हजारांवर जात असेल, तर डिस्क खराब सेक्टरांशी (माहिती साठवण्याच्या बिघडलेल्या कप्प्यांशी) झगडत असण्याची शक्यता मोठी आहे.

खात्रीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या. ते डिस्कची स्वतःची आरोग्य-नोंद दाखवतं. निळा रंग ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे डिस्क बदला. हार्ड डिस्कच्या रंगाखाली तीन ओळी आवर्जून वाचा: रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स, करंट पेंडिंग सेक्टर्स आणि अनकरेक्टेबल सेक्टर्स. या ओळींच्या 'रॉ व्हॅल्यूज' रकान्यात शून्य हवं. डेस्कटॉपमध्ये 'सीआरसी एरर' चा आकडा दर आठवड्याला वाढताना दिसला, तर दोष डिस्कपेक्षा तिला मदरबोर्डशी जोडणाऱ्या सॅटा केबलचा असण्याची शक्यता जास्त. केबल बदला, ती स्वस्त असते.

इव्हेंट व्ह्यूअरच्या 'सिस्टम' नोंदीत 'डिस्क' या नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी वारंवार दिसल्या, तरी संशय डिस्कवर किंवा तिच्या जोडणीवरच.

> सावधान: डिस्क पिवळी किंवा लाल दिसली की लगेच 'चेकडिस्क' चालवू नका. खराब सेक्टर शोधण्यासाठी ती संपूर्ण डिस्क घासते. मरायला टेकलेली डिस्क त्या ताणात पूर्ण बसू शकते. डिफ्रॅगही (विखुरलेल्या फाइली डिस्कवर सलग लावणं) नको. आधी डेटा बाहेर काढा, आणि तोही सर्वांत महत्त्वाच्या फोल्डरपासून. मग डिस्क बदला. पुढचे टप्पे नव्या डिस्कवर.

डिस्क निरोगी असेल तर सी ड्राइव्हवर जागा किती आहे ते पाहा. साधारण १५ ते २० टक्के जागा मोकळी ठेवा. लाल पट्टी होईपर्यंत भरलेल्या ड्राइव्हवर विंडोजला अपडेट आणि तात्पुरत्या फाइलींसाठी जागा उरत नाही. जागा करायला सेटिंग्जमधलं 'स्टोरेज' वापरा, बाहेरचा क्लीनर नको.

## टप्पा ३: विंडोजच्या आधीच वेळ जातोय का?

बायोस टाइम वीसेक सेकंदांच्या वर असेल, किंवा कंपनीचा लोगो पडद्यावर नुसताच उभा राहत असेल, तर स्टार्टअप प्रोग्राम बंद करून काहीही होणार नाही. विंडोज अजून सुरूच झालेलं नाही.

१. माऊस आणि कीबोर्ड सोडून सगळं काढा: पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, प्रिंटर, कार्ड रीडर, यूएसबी हब. पुन्हा मोजा. वेळ कमी झाली तर एकेक वस्तू परत लावत जा, दोषी सापडेल. पेन ड्राइव्ह कायम मागे खोचलेला असणं हे फार वेळा सापडणारं कारण आहे, मशीन आधी त्यावर विंडोज शोधत बसतं.

२. बायोसमध्ये जा. बटण दाबल्यावर लगेच एफ २ किंवा डिलीट, काही मशीनवर एफ १० किंवा एस्केप. बूटच्या क्रमात, म्हणजे मशीनने कशावरून सुरू व्हायचं त्या यादीत, 'विंडोज बूट मॅनेजर' सर्वांत वर हवा. 'नेटवर्क बूट' किंवा 'पीएक्सई' वर असेल तर खाली ढकला किंवा बंद करा. बंद पडलेला डीव्हीडी ड्राइव्ह डेस्कटॉपमध्ये अजून जोडलेला असेल तर त्याची केबल काढा.

३. तारीख बघा. प्लग काढून ठेवल्यावर तारीख मागे जात असेल, किंवा सुरू होताना एफ १ दाबायला सांगत असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. डेस्कटॉपमध्ये ती बहुतेक वेळा सीआर २०३२ असते, ३ व्होल्टची. रात्री भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं बटण बंद करून जायची पद्धत असलेल्या दुकानांत ती लवकर संपते, कारण तेवढा वेळ घड्याळ फक्त तिच्यावर चालतं.

> सावधान: बॅटरी काढण्यापूर्वी बायोसमधला सॅटा मोड एएचसीआय आहे की रेड, त्याचा फोटो काढा. बॅटरी काढल्यावर सगळ्या सेटिंग्ज मूळ पदावर जातात. हा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही आणि लोक डिस्क गेली समजून नवी आणतात. सिक्युअर बूट आणि टीपीएम यांनाही उगाच हात लावू नका, बिटलॉकरची की मागितली जाईल.

नवीन रॅम बसवल्यानंतरच्या पहिल्या स्टार्टला, विशेषतः डीडीआर ५ च्या मशीनवर, पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. मशीन त्या वेळी रॅम जुळवून घेत असतं. घाबरून वीज तोडू नका. दर वेळीच असं होत असेल तर मात्र रॅम पुन्हा नीट बसवा आणि बायोस अपडेट आहे का ते पाहा.

## टप्पा ४: डेस्कटॉप येतो, पण काम करू देत नाही

सर्वाधिक मशीन इथे अडकलेली असतात आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात.

टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप अ‍ॅप्स' मध्ये प्रत्येक नावापुढे 'इम्पॅक्ट' लिहिलेला असतो. 'हाय' म्हणजे त्या प्रोग्रामने सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदापेक्षा जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचलं-लिहिलं. ही मर्यादा फार मोठी नाही, त्यामुळे 'हाय' दिसलं की बंद, असं करू नका. यादीकडे असं पाहा: हा प्रोग्राम मी उघडेन तेव्हा सुरू झाला तर चालेल का?

चालेल अशांत मीटिंगचे आणि चॅटचे प्रोग्राम, गाण्यांचे, गेमचे, पीडीएफवाल्यांचे अपडेटर, प्रिंटरचे 'असिस्टंट' आणि लॅपटॉप कंपनीची 'मदत' साधनं येतात. राइट क्लिक, 'डिसेबल'. प्रोग्राम काढला जात नाही, फक्त स्वतःहून सुरू होणं थांबतं. वनड्राइव्ह बंद करताना ध्यानात ठेवा की मग फाइली क्लाउडवर आपोआप जाणार नाहीत.

चालणार नाही अशांत अँटिव्हायरस, टचपॅड, आवाज आणि ग्राफिक्सच्या नोंदी येतात. आणि आपल्याकडच्या कार्यालयांत खास जपायच्या गोष्टी आणखी आहेत. मराठी टायपिंगचं साधन बंद केलंत तर सकाळी आलेला ऑपरेटर 'की-बोर्ड बिघडला' म्हणून ओरडणार. डिजिटल सहीच्या टोकनचा प्रोग्राम बंद केला तर जीएसटी किंवा ई-निविदेच्या वेळी टोकन ओळखलं जात नाही. आपले सरकार सेवा केंद्रात आधारचं बोटांचे ठसे घेणारं यंत्र असेल तर त्याची आरडी (रजिस्टर्ड डिव्हाइस) सर्व्हिस चालू असायलाच हवी, ती बंद पडली की ठसा घेतलाच जात नाही. चार सेकंद वाचवण्यापायी दारात रांग लावून घेऊ नका.

> तपासणी: एक नोंद बंद केल्यावर शिफ्ट-शट डाउन करून पुन्हा मोजा, आणि रोजचं एक पूर्ण काम करून बघा: एक पत्र टाइप, एक प्रिंट, एक सही. सगळं चाललं तरच पुढच्या नोंदींकडे वळा.

अँटिव्हायरस किती आहेत तेही पाहा. लॅपटॉपसोबत आलेला मुदत संपलेला एक आणि नंतर विकत घेतलेला दुसरा, अशी जोडी पुष्कळ ठिकाणी सापडते. दोघेही प्रत्येक फाइल तपासतात. एक पूर्ण काढा, शक्यतो त्याच कंपनीच्या 'रिमूव्हल टूल' ने. दोन्ही काढले तर विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप कामाला लागतो, मशीन उघडं पडत नाही.

रॅमकडेही इथेच लक्ष द्या. डेस्कटॉप येऊन पाच मिनिटं झाली, काहीही उघडलेलं नाही, तरी मेमरी ८० टक्क्यांच्या वर असेल तर मशीन सतत डिस्कचा आधार घेतं. ४ जीबी रॅमवर विंडोज ११ चालतं, पण धाप टाकत. ८ जीबी ही कामापुरती किमान पातळी धरा. विकत घेण्याआधी डीडीआर ३, ३ एल, ४ की ५ ते नीट पाहा. ३, ४ आणि ५ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ३ आणि ३ एल ची खाच सारखीच असते, पण ३ एल लागणाऱ्या मशीनमध्ये साधी ३ चालेलच असं नाही. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डाला चिकटवलेली असू शकते.

## टप्पा ५: नाव सापडत नसेल तर क्लीन बूट

प्रोग्राम बंद करूनही फरक नसेल, तर एखादी सर्व्हिस वेळ खात असेल. ती शोधायला क्लीन बूट, म्हणजे बाहेरच्या सर्व्हिसेस बंद ठेवून विंडोज सुरू करणं. विंडोजचं बटण आणि आर दाबून 'एमएसकॉन्फिग' उघडा (टाइप इंग्रजीत करायचं). 'सर्व्हिसेस' मध्ये जा. आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' वर खूण करा, मग 'डिसेबल ऑल'. हा क्रम उलटा झाला तर विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेस बंद होतात आणि पुढे नेट, आवाज, लॉगिन काहीही अडू शकतं.

रीस्टार्ट करून मोजा. मशीन चटकन आलं तर दोषी या यादीत आहे. निम्म्या सर्व्हिसेस चालू करा, पुन्हा मोजा. हळू झालं तर दोषी त्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्यांत. असं अर्धं-अर्धं करत गेलात की वीस सर्व्हिसेसमधून एक शोधायला चार-पाच रीस्टार्ट पुरतात. नाव सापडलं की तिचा प्रोग्राम अपडेट करा किंवा काढा आणि बाकीच्या सगळ्या खुणा परत लावा. ही शेवटची गोष्ट विसरली जाते. टॅलीचा लायसन्स, टोकन, ठशाचं यंत्र या सगळ्यांच्या सर्व्हिसेस याच यादीत असतात.

> सावधान: याच खिडकीत 'बूट' आणि मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये प्रोसेसरची संख्या निवडण्याची जागा आहे. ती ४ किंवा ८ केली की मशीन पळतं, असं सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ते चूक आहे. विंडोज मुळातच सगळे कोअर वापरतं, ती जागा संख्या कमी करून चाचणी घेण्यासाठी आहे. तिथली आणि 'मॅक्झिमम मेमरी' ची खूण काढलेलीच असू द्या. आधीच कुणी लावली असेल तर आजच काढा.

## टप्पा ६: पासवर्डनंतर 'वेलकम' चं गोल फिरत राहतं

आधी तात्पुरतं नवीन लोकल खातं बनवा आणि एकदा आत जाऊन बाहेर या, कारण पहिल्या वेळी विंडोज प्रोफाइल बनवत असतं. दुसऱ्यांदा मोजा. नवीन खातं झटकन उघडलं तर गडबड तुमच्या प्रोफाइलमध्ये आहे.

कार्यालयांत याचं हमखास कारण म्हणजे मेलेला नेटवर्क ड्राइव्ह. जुना सर्व्हर बदलला, पण 'झेड ड्राइव्ह' तसाच राहिला. प्रत्येक लॉगिनला विंडोज त्याला हाक मारतं आणि उत्तराची वाट पाहतं. 'धिस पीसी' मध्ये लाल फुलीचा ड्राइव्ह दिसला की राइट क्लिक करून 'डिस्कनेक्ट'. डेस्कटॉपवरचे त्याच सर्व्हरकडे जाणारे शॉर्टकट आणि पूर्वी जोडलेले, आता नसलेले नेटवर्क प्रिंटरही काढून टाका.

लोगो आणि पासवर्डच्या मध्ये पडदा बराच वेळ काळा राहत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर पाहा. तो लॅपटॉप कंपनीच्या किंवा ग्राफिक्स चिपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्या, 'ड्रायव्हर अपडेटर' नावाच्या प्रोग्रामांकडून नाही.

## टप्पा ७: फास्ट स्टार्टअप चालू ठेवायचं की बंद?

हार्ड डिस्क असेल तर सहसा चालू बरं, त्याने खरंच वेळ वाचतो. एसएसडी असेल तर फरक थोडा, आणि एखादा ड्रायव्हर जुन्या स्थितीतून नीट उठत नसेल तर उलट त्रास. ओळखायची खूण सोपी आहे: 'रीस्टार्ट' केल्यावर मशीन नीट येतं, पण 'शट डाउन' करून सकाळी चालू केल्यावर रखडतं. असं असेल तर कंट्रोल पॅनेल, 'पॉवर ऑप्शन्स', 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' इथे जाऊन, वरच्या दुव्याने सेटिंग्ज खुल्या करून ती खूण काढा आणि आठवडाभर बघा.

पडदा काळा झाला म्हणजे मशीन बंद झालं असं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असताना त्या क्षणी डिस्कवर स्थिती लिहिणं सुरू असतं. यूपीएसचं किंवा भिंतीवरचं बटण तेव्हाच दाबलं तर पुढचं सुरू होणं रखडतं, फाइलीही खराब होतात. पंखा आणि दिवा बंद होईपर्यंत थांबा.

## टप्पा ८: एसएसडी बसवताना

टप्पा २ मध्ये निरोगी पण संथ हार्ड डिस्क सापडली असेल, तर बाकी सगळे उपाय मिळूनही एसएसडीची बरोबरी करणार नाहीत. हा खर्च मी नेहमी रॅमच्या आधी सुचवतो.

खरेदीआधी मशीनमध्ये कोणती जागा आहे ते पाहा. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची सॅटा. नव्यांत एम.२, पण त्यातही सॅटा आणि एनव्हीएमई असे प्रकार आहेत. दिसायला सारखे असले तरी काही स्लॉट एकच प्रकार ओळखतात. स्वस्त छोट्या लॅपटॉपमधली ईएमएमसी बोर्डाला चिकटलेली असते, ती बदलता येत नाही. जुनी डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) ठेवायची असेल तर कॅडीची जाडी मोजा: ९.५ की १२.७ मिलिमीटर. एसएसडी मूळ जागी, जुनी डिस्क कॅडीत, उलट नाही.

जुनं विंडोज जसंच्या तसं हवं असेल तर क्लोन करा, म्हणजे जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत एसएसडीवर उतरवा. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर आधी एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण उलगडू द्या. क्लोन झाल्यावर मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा आणि पहिल्यांदा फक्त एसएसडीवर सुरू करा. दोन्हींवर एकच विंडोज असताना दोन्ही जोडल्या तर मशीन जुन्यावरूनच सुरू होत राहतं आणि पैसे वाया गेले असं वाटतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क ० पुढे एसएसडी लिहिलंय ना, ते तपासा. जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नका.

एसएसडीला डिफ्रॅगचा वेगळा प्रोग्राम लावू नका. विंडोजचं स्वतःचं 'ऑप्टिमाइझ' एसएसडी ओळखून तिला ट्रिमचा (कोणती जागा आता वापरात नाही हे सांगणारा) आदेश देतं, तेवढं पुरतं. 'प्रीफेच' फोल्डर रिकामं करण्याची सवयही सोडा. लवकर सुरू होण्यासाठी विंडोजने जमवलेली माहितीच त्यात असते, ती पुसली की पुढचं सुरू होणं आणखी लांबतं. रजिस्ट्री क्लीनरने सुरू होण्याचा वेळ घटत नाही, एखादी हवी असलेली नोंद मात्र उडू शकते.

## टप्पा ९: विंडोज नव्याने टाकायची वेळ

डिस्क निरोगी, क्लीन बूटमध्येही संथ, नवीन खात्यातही संथ, असं असेल तेव्हाच. त्याआधी एकदा कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'एसएफसी /स्कॅननाऊ' चालवा (आज्ञा इंग्रजी अक्षरांत, मध्ये एक जागा सोडून). विंडोजच्या बिघडलेल्या फाइली ती दुरुस्त करते.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. नव्याने टाकायचंच असेल आणि मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत असेल तर ११ टाका. दुकानात देताना वहीतल्या वेळा, डिस्कचा रंग, बिटलॉकरची स्थिती आणि कोणते प्रोग्राम परत हवेत याची यादी एका कागदावर लिहून द्या. फॉन्ट, टोकनचा ड्रायव्हर आणि टॅलीचा लायसन्स त्या यादीत हवेतच. टॅलीचा लायसन्स फॉरमॅटआधी सरेंडर करा, नंतर त्याच मशीनवर पुन्हा चालू करता येतो.